दाद कुणाकडे मागायची? इथिओपियाचा सम्राट आणि त्यानंतरची पन्नास वर्षे



आजचा देश इथिओपिया. आणि प्रश्न असा, की १९७४ साली तिथली राजेशाही गेली, त्यानंतर त्या देशाने जे भोगलं ते बघता राजाच बरा होता असं म्हणायचं का?

हा प्रश्न मी उकरून काढलेला नाही. तो तिथे आज विचारला जातो. २०१९ च्या फेब्रुवारीत अदिस अबाबा इथे आफ्रिकी महासंघाच्या मुख्यालयात सम्राट हाइले सेलासी यांचा पुतळा बसवला गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरात जुन्या मेनेलिक राजवाड्याचं आवार 'युनिटी पार्क' या नावाने लोकांना खुलं झालं. तिथे सम्राटांचा मेणाचा पुतळा आहे. आता योगायोग बघा. याच राजवाड्यात १९७५ साली सम्राट कैदेत असताना मरण पावले, आणि १९९२ साली त्यांचे अवशेष याच आवारात जमिनीखालून बाहेर काढले गेले. ज्याला गुपचूप पुरलं, त्याच्याच मेणाच्या पुतळ्याजवळ आज लोक फोटो काढतात. फोटो काढणाऱ्या तरुणाने सम्राटाची राजवट पाहिलेली नाही. त्याने पाहिलंय ते नंतरचं. आणि नंतरचं इतकं वाईट आहे, की आधीचं आपोआप उजळ दिसतं.

हा देश आपल्याला तसा परका नाही. 'हबशी' हा शब्द आपण सर्रास वापरतो, तो 'हबेशा' या तिथल्या लोकांच्या नावाशी जोडलेला आहे. अहमदनगरची निजामशाही सावरणारा आणि खडकी म्हणजे पुढचं औरंगाबाद वसवणारा मलिक अंबर मूळचा तिथला. तो गुलाम म्हणून विकला जात जात दख्खनला पोचला. पुढे १९४१ साली इटालियन फौजांविरुद्ध केरेनच्या डोंगरात जी लढाई झाली, तिच्यात मराठा पलटणही लढली. त्या लढाईने सम्राटाच्या परतीचा मार्ग मोकळा व्हायला मदत झाली. तेव्हा थोडा संबंध आपलाही आहे.

मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. त्या विषयात पहिली सवय लागते ती उत्तर द्यायच्या आधी प्रश्न तपासायची. 'राजा बरा होता का' या प्रश्नात दोन गोष्टी दडलेल्या आहेत. एक, बरा म्हणजे कुणासाठी बरा? आणि दोन, बरा म्हणजे कशापेक्षा बरा? या दोन्ही गोष्टी उघड केल्याशिवाय पुढे गेलं, की चर्चा भावनेवर घसरते. म्हणून क्रमाने जाऊ.

आधी सम्राटाच्या बाजूने जे बोलता येतं ते सगळं बोलू. त्यात हात आखडता घेण्याचं कारण नाही.

१८९६ साली अद्वाच्या लढाईत सम्राट मेनेलिक दुसरे यांनी इटलीच्या फौजेचा पराभव केला. आफ्रिका खंडाची वाटणी चालू असताना हा एक देश स्वतःच्या बळावर उभा राहिला. त्याच परंपरेतले हाइले सेलासी. मूळ नाव तफारी माकोनेन, जन्म १८९२. १९१६ पासून त्यांच्या हाती कारभार होता, १९३० साली राज्याभिषेक झाला. १९२३ मध्ये त्यांनी देशाला राष्ट्रसंघाचं सभासदत्व मिळवून दिलं. १९३१ मध्ये देशाला पहिली लिखित राज्यघटना दिली. १९३५ मध्ये मुसोलिनीने आक्रमण केलं, विषारी वायू वापरला. १९३६ च्या जूनमध्ये सम्राट जिनिव्हाला राष्ट्रसंघापुढे उभे राहिले. प्रेक्षागॅलरीतून इटालियन पत्रकार शिट्ट्या मारत होते. ते शांतपणे थांबले आणि मग आपल्या भाषेत, अम्हारिकमध्ये बोलले. आज आम्हाला वाऱ्यावर सोडाल तर उद्या तुमच्यावरही हीच वेळ येईल, असा त्या भाषणाचा आशय होता. तीन वर्षांत ते खरं ठरलं.

१९४१ च्या मे महिन्यात ते राजधानीत परतले. १९४२ मध्ये गुलामगिरी कायद्याने पूर्ण बंद केली. विमान कंपनी काढली, ती आजही आफ्रिकेतल्या मोठ्या कंपन्यांपैकी एक आहे. १९५० मध्ये महाविद्यालय काढलं, त्याचं पुढे विद्यापीठ झालं आणि त्यासाठी स्वतःचा राजवाडा देऊन टाकला. शाळांसाठी भारतातून शिक्षक नेले, हरारच्या लष्करी अकादमीसाठी भारतीय लष्करी अधिकारी नेले. १९६३ मध्ये आफ्रिकी ऐक्य संघटना अदिस अबाबात स्थापन झाली, त्यात त्यांचा वाटा मोठा होता. ही यादी लहान नाही. पदरी इतकं असलेल्या माणसाला नुसता जुलमी म्हणून मोडीत काढता येत नाही.

आता पहिला प्रश्न. कुणासाठी?

इथिओपिया हा शेतकऱ्यांचा देश. तेव्हा जमीन कुणाची होती हे विचारल्याशिवाय राजवट कशी होती ते कळणार नाही. उत्तरेकडच्या डोंगराळ भागात कुळपरंपरेने जमिनीवर हक्क असे, त्याला 'रिस्त' म्हणत. त्या जमिनीवरची वसुली राजाने सरदाराला किंवा चर्चला दिली, की ते 'गुल्त'. आपल्याकडच्या जहागिरीसारखा प्रकार. दक्षिणेची गोष्ट वेगळी. तो मुलूख मेनेलिकच्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला, तलवारीने जोडलेला. तिथल्या जमिनी सैनिकांना, सरदारांना, चर्चला वाटल्या गेल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या तीच जमीन कसणारा शेतकरी स्वतःच्या वावरात कूळ झाला. पिकाचा तिसरा हिस्सा, पुष्कळ ठिकाणी निम्मा, मालकाला. म्हणजे आपण ज्याला अर्धेली म्हणतो ती. वर मालकावरचा करही कुळाच्याच डोक्यावर, सणावाराला भेट आणि मालकाच्या घरी वेठ. मालक कधी हाकलून देईल याचा भरवसा नाही.

१९६५ साली विद्यार्थी अदिस अबाबाच्या रस्त्यावर उतरले. त्यांची घोषणा मराठीत सांगायची तर आपल्या चांगल्या ओळखीची आहे : कसेल त्याची जमीन. आपल्याकडे १९४८ चा कूळ कायदा झाला, १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरला. त्या कायद्यात पळवाटा होत्या, त्याची अंमलबजावणी अर्धवट झाली, हे मला ठाऊक आहे. पण कायदा झाला. इथिओपियात १९६६ मध्ये जमीन सुधारणेचं खातं निघालं, कुळांसाठी विधेयक तयार झालं, संसदेपुढे गेलं आणि तिथेच रुतलं. कारण संसदेत बसलेलेच जमीनदार. सम्राटाला एका सहीत गुलामगिरी बंद करता आली, पण कुळाला संरक्षण देणारा कायदा रेटता आला नाही. ज्यांच्या खांद्यावर सिंहासन टेकलेलं, त्यांच्या पोटावर पाय कोण देणार?

आणखी दोघांना विचारून बघू. मुसलमान प्रजेला. देशाच्या लोकसंख्येत त्यांचा वाटा मोठा. पण राज्याचा धर्म ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती, त्यांच्या सणांना सरकारी सुटीसुद्धा नाही. १९७४ च्या एप्रिलमध्ये समान हक्कांसाठी राजधानीत प्रचंड मोर्चा निघाला तो उगीच नाही. दुसरा, एरिट्रियाचा माणूस. १९५२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या ठरावाने एरिट्रिया इथिओपियाशी जोडला गेला तो संघराज्य म्हणून, स्वतःच्या विधिमंडळासह. दहा वर्षांत सम्राटाने ती स्वायत्तता एकेक करत काढून घेतली. झेंडा गेला, भाषा गेली आणि १९६२ मध्ये एरिट्रिया नुसता एक प्रांत उरला. त्याच्या आधीच्या वर्षी तिथे पहिली गोळी सुटली होती. ते युद्ध तीस वर्षं चाललं.

म्हणजे 'राजा बरा होता' असं म्हणणारा माणूस कोण आहे हे आधी बघावं लागतं. राजधानीतला व्यापारी, सरकारी नोकर, शिकलेला मध्यमवर्ग यांची आठवण एक आहे. दक्षिणेतल्या कुळाच्या नातवाला त्याच्या आजोबाने सांगितलेली आठवण दुसरी आहे. दोन्ही खऱ्या आहेत.

आता मी ज्याला या विषयाचा गाभा समजतो तिकडे येतो.

तिथल्या जुन्या राज्यपद्धतीत एक सुंदर रिवाज होता. रयतेतला कुणीही माणूस राजाच्या वाटेवर उभा राहून 'अबेत' अशी हाक घालू शकत असे. दाद मागण्याची हाक. सम्राट स्वतः न्यायासनावर बसत, त्या दरबाराला 'चिलोत' म्हणत. खालच्या कोर्टात हरलेला माणूस तिथपर्यंत येऊ शके. हाइले सेलासींच्या गाडीपुढे लोक अर्ज घेऊन धावत आणि ते अर्ज घेतले जात. ऐकायला किती छान वाटतं! राजा आणि प्रजा यांच्यामध्ये कुणी नाही.

पण हीच त्यातली मेख आहे. मध्ये कुणी नाही म्हणजे दुसरी कुठली जागाच नाही. १९५५ च्या सुधारित घटनेने लोकांना मतदानाचा हक्क दिला, पण राजकीय पक्ष नव्हते. वरिष्ठ सभागृह सम्राट नेमत. सम्राटाची व्यक्ती पवित्र आणि तिची सत्ता निर्विवाद, असं घटनेतच लिहिलेलं. बारीकसारीक कामांनाही त्यांची मंजुरी लागे. आता तीन कोटींच्या देशात एका वृद्ध माणसाच्या कानापर्यंत किती हाका पोचणार?

आपली म्हण आहे ना, राजाने मारलं आणि पावसाने झोडपलं तर दाद कुणाकडे मागायची? वोल्लो प्रांतात नेमकं तेच झालं. १९७२ चा मुख्य पाऊस गेला. १९७३ चा वसंतातला पाऊसही गेला. १९७२ च्या डिसेंबरातच वोल्लोतून निघालेले हजारएक भुकेले लोक अदिस अबाबात पोचले होते आणि रेड क्रॉस त्यांच्यासाठी धडपडत होती. म्हणजे बातमी राजधानीच्या दारात उभी होती. त्याच वर्षी सम्राटांचा ऐंशीवा वाढदिवस थाटाने झाला होता.

अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या 'पॉव्हर्टी अँड फॅमिन्स' या पुस्तकात वोल्लोचा अभ्यास केला आहे. त्यांचा निष्कर्ष मोठा अस्वस्थ करणारा आहे. संपूर्ण देशाचं धान्य उत्पादन त्या वर्षी काही भयंकर घटलेलं नव्हतं. वोल्लोतलं मोठं शहर देसीए, तिथल्या बाजारात धान्याचे भावही फारसे चढलेले नव्हते. उलट वोल्लोतून थोडंफार धान्य बाहेर जात होतं. का? कारण वोल्लोच्या शेतकऱ्याच्या हातात ते विकत घ्यायला पैसाच नव्हता. त्याचं पीक गेलं म्हणजे त्याचं अन्नही गेलं आणि उत्पन्नही गेलं. बाजार तिकडे फिरकेल कशाला? अफार लोक गुरं राखणारे. त्यांची नदीकाठची चराई आधीच कापसाच्या मोठ्या व्यापारी शेतीखाली गेली होती. गुरं मेली, आणि जी उरली त्यांना धान्याच्या बदल्यात मातीमोल किंमत. राजधानीकडून उत्तरेला जाणारा मोठा रस्ता वोल्लोतूनच जातो. उपाशी माणसं त्या रस्त्यावर येऊन गाड्या थांबवत होती.

सरकारने काय केलं? दडपलं. १९७३ च्या ऑक्टोबरात जोनाथन डिम्बलबी या ब्रिटिश पत्रकाराचा माहितीपट इंग्लंडमध्ये दाखवला गेला, तेव्हा कुठे जगाला कळलं. दुष्काळात किती माणसं मेली याचे अंदाज चाळीस हजारांपासून दोन लाखांपर्यंत आहेत. सम्राटाच्या बाजूने बोलणारे म्हणतात, त्यांना कुणी कळू दिलं नाही, भोवतालची माणसं वाईट होती. असेलही. पण मित्रहो, हा बचाव नाही, हाच आरोप आहे. जी राजवट एका माणसाच्या कळण्यावर चालते, तिथे त्याला न कळणं हा अपघात नसतो. अप्रिय बातमी वर नेणाऱ्याचं नुकसान होतं आणि गप्प बसणाऱ्याचं काहीच बिघडत नाही, असा तो कारखाना असतो.

मग १९७४ उजाडलं. तेलाचे भाव चढले, टॅक्सीवाल्यांचा आणि शिक्षकांचा संप झाला, नेगेले इथे सैनिकांनी निकृष्ट अन्नपाण्यावरून बंड केलं. जूनमध्ये लष्करातल्या शंभराहून अधिक जणांची एक समिती झाली. समितीला त्यांचा शब्द 'दर्ग'. ११ सप्टेंबरच्या रात्री तोच डिम्बलबींचा माहितीपट, मध्येमध्ये राजवाड्यातल्या मेजवान्यांची दृश्यं घालून, देशाच्या दूरदर्शनवर दाखवला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी ब्याऐंशी वर्षांच्या सम्राटाला राजवाड्यातून बाहेर आणून एका छोट्या फोक्सवॅगन गाडीत बसवून नेलं. 'राजांचा राजा' म्हणवणारा माणूस मागच्या सीटवर वाकून बसून गेला. त्याच्यासाठी एकही पलटण पुढे आली नाही.

आता दुसरा प्रश्न. कशापेक्षा?

दर्गची पहिली घोषणा होती रक्त न सांडता क्रांती करण्याची. १९७४ च्या नोव्हेंबरात एका रात्रीत साठच्या आसपास लोकांना चौकशीशिवाय गोळ्या घातल्या. त्यांत दोन माजी पंतप्रधान होते. पुढच्या ऑगस्टमध्ये सम्राट गेले. आजारपणाने, असं तेव्हा जाहीर झालं. पुढे न्यायालयासमोर मांडलं गेलं की तो खून होता. मग मेंगिस्तू हाइले मरियम यांच्या हाती सगळी सूत्रं गेली आणि १९७७-७८ मध्ये 'लाल दहशत' सुरू झाली. शहरांतली शिकलेली तरुण पिढी वेचून मारली गेली. प्रेत ताब्यात हवं असेल तर गोळीचे पैसे भरा, असं आईबापांना सांगितलं गेल्याच्या आठवणी आहेत. १९८८ मध्ये तिग्रायमधल्या हाउझेन गावावर विमानांनी बॉम्ब टाकले ते आठवडी बाजाराच्या दिवशी.

आणि दुष्काळ? १९८३ ते ८५ चा दुष्काळ वोल्लोच्या कितीतरी पट मोठा. मृतांचे अंदाज चार लाखांपासून दहा लाखांपर्यंत. सरकारच्याच मदत आयोगाने मार्च १९८४ मध्ये इशारा दिला होता. पण सप्टेंबरात क्रांतीचा दहावा वर्धापनदिन होता. राजधानी लाल कमानींनी सजली आणि भुकेल्यांची बातमी सोहळा उरकेपर्यंत दाबून ठेवली गेली. ऑक्टोबरात बीबीसीने कोरेमच्या छावणीतली दृश्यं दाखवली तेव्हा जग हललं. ऐंशीव्या वाढदिवसाची जागा दहाव्या वर्धापनदिनाने घेतली, एवढाच फरक. ज्या पापासाठी राजाला घालवलं, तेच पाप दहापट मोठं करून क्रांतीने केलं. वर सुमारे सहा लाख लोकांना उत्तरेतून उचलून दक्षिणेत नेऊन टाकलं, त्यांतले हजारो वाटेत आणि नव्या जागी मेले.

तेव्हा 'दर्गपेक्षा राजा बरा होता का' असं कुणी मला विचारलं, तर रक्ताच्या हिशेबात मी आढेवेढे न घेता 'हो' म्हणेन.

पण थांबा. याच दर्गने मार्च १९७५ मध्ये सगळी शेतजमीन सार्वजनिक मालकीची केली, कुळवहिवाट संपवली, एका कुटुंबाला जास्तीत जास्त दहा हेक्टर अशी मर्यादा घातली. दक्षिणेतल्या कुळाच्या मानेवरचं जू एका दिवसात उतरलं. मुसलमानांच्या सणांना सुटी मिळाली. १९७९ मध्ये साक्षरतेची मोठी मोहीम निघाली, तीही एकट्या अम्हारिकमध्ये नाही, तर पंधरा भाषांत. सम्राटाच्या काळी दहांतल्या एकालाही लिहितावाचता येत नव्हतं. पुढे त्याच शेतकऱ्याकडून सरकारने पडेल भावाने सक्तीने धान्य उचललं आणि त्याची पोरं युद्धावर नेली, हेही खरं. तरीही आज त्या देशात कुणीही, राजाची आठवण काढणारासुद्धा, ती जुनी जमीनदारी परत आणा असं म्हणत नाही. यावरून काय ते समजावं.

१९९१ च्या मे महिन्यात मेंगिस्तू झिम्बाब्वेला पळाले आणि तिसरी राजवट आली. एरिट्रिया १९९३ मध्ये वेगळा झाला. वंश आणि भाषांवर आधारलेलं संघराज्य आलं, तेही प्रत्यक्षात एका आघाडीच्या मुठीत. पण या काळात देशाने खरी प्रगती केली. सत्तरच्या दशकात सरासरी आयुर्मान चाळिशीच्या थोडं पुढे होतं, ते पासष्टच्या आसपास गेलं, आणि तेही लोकसंख्या तीन कोटींवरून बारा कोटींच्या वर गेलेली असताना. २००५ पासून गरीब शेतकऱ्यांसाठी एक सुरक्षा योजना सुरू झाली. काम करा, धान्य किंवा पैसे घ्या. आपल्या रोजगार हमीशी तिचं नातं लगेच लक्षात येईल. २०१५-१६ मध्ये भीषण अवर्षण पडलं, पण वोल्लोसारखी माणसं मेली नाहीत. पाऊस तसाच गेला होता. फरक इतकाच, की या वेळी शेतकऱ्याच्या नावाची एक यादी कुठेतरी होती आणि त्याला मागायला एक खिडकी होती.

आणि मग २०२० चा नोव्हेंबर. तिग्रायमध्ये युद्ध पेटलं, ते दोन वर्षं चाललं. प्रदेशाची कोंडी झाली. मदतीच्या धान्याच्या गाड्या अडल्या, बँका बंद, फोन बंद. २०२१ च्या जूनमध्ये साडेतीन लाख लोक उपासमारीच्या शेवटच्या पायरीवर असल्याचं संयुक्त राष्ट्रांनी सांगितलं, सरकारने ते नाकारलं. पंतप्रधान कोण? ज्यांना २०१९ चं नोबेल शांतता पारितोषिक मिळालं होतं ते. तेच, ज्यांच्या कारकिर्दीत राजवाड्यात सम्राटाचा मेणाचा पुतळा बसला.

आता हे तिन्ही काळ शेजारी शेजारी ठेवा. एक सम्राट, एक लष्करी क्रांतिकारक, एक निवडून आलेले पंतप्रधान. १९७३, १९८४, २०२१. तिन्ही वेळा भूक होती, आणि तिन्ही वेळा ती बातमी सत्तेला अडचणीची होती म्हणून दडपली गेली किंवा नाकारली गेली. मुकुट होता की लष्करी टोपी होती की कोट होता, याने फार फरक पडला नाही.

आपल्याकडे न्यायशास्त्रात काकतालीय न्याय म्हणतात. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. राजा गेला आणि अनर्थ झाला, म्हणून राजा गेल्यामुळे अनर्थ झाला असं म्हणणं हा तो प्रकार आहे. पण मी त्याच्याही एक पाऊल पुढे जाईन. अनर्थाचा काही भाग राजा असतानाच पेरला गेला होता.

१९६० सालचं एक उदाहरण देतो. गरमामे नेवाय नावाचा, अमेरिकेत शिकून आलेला तरुण अधिकारी होता. वोलायता भागात प्रशासक असताना त्याने भूमिहीनांना पडीक जमिनी वाटायला सुरुवात केली. जमीनदारांनी तक्रार केली, त्याची बदली झाली दूर जिजिगाला. त्याने काय केलं? डिसेंबर १९६० मध्ये सम्राट ब्राझीलला गेलेले असताना, शाही अंगरक्षक दलाचा प्रमुख असलेल्या आपल्या भावासह बंड केलं. बंड काही दिवसांत मोडलं. पण त्यातून घ्यायचा धडा साधा होता : सुधारणा मागणाऱ्या माणसाला या राज्यात बोलायला जागा नाही, आणि ज्याला बोलायला जागा नाही तो बंदूक उचलेल. सम्राटाकडे त्यानंतर चौदा वर्षं होती. पक्ष नाही, मोकळं वृत्तपत्र नाही, कुळकायदा नाही. वारसाचा प्रश्नसुद्धा लोंबकळत राहिला. युवराजांना १९७३ मध्ये पक्षाघाताचा झटका आला तरी निर्णय नाही, नातवाचं नाव पुढे आलं ते १९७४ च्या एप्रिलमध्ये, घर पेटल्यावर. त्यामुळे सम्राट गेले तेव्हा देशात संघटित अशी फक्त एकच गोष्ट शिल्लक होती. लष्कर. मेंगिस्तू आकाशातून पडले नाहीत. मोठं झाड पडलं आणि खाली दुसरं काही वाढूच दिलेलं नव्हतं, म्हणून त्या मोकळ्या जागेत ते उभे राहिले.

याचा अर्थ दर्गच्या खुनांचं खापर सम्राटावर फोडायचं का? अजिबात नाही. ज्याने गोळी घातली तो खुनी. २००६ साली इथिओपियाच्याच न्यायालयाने मेंगिस्तूंना वंशसंहाराबद्दल दोषी ठरवलं. पण राजवटीचा हिशेब ती असेपर्यंत बंद होत नाही. ती आपल्यामागे काय ठेवून जाते, हेही त्याच वहीत लिहावं लागतं. आणि तिथे हाइले सेलासींच्या नावावर विमान कंपनी आहे, विद्यापीठ आहे, आफ्रिकेत मान आहे. आणि दाद मागायची जागा मात्र नाही.

मग निकाल काय? मला असं वाटतं. माणूस म्हणून सम्राट त्यांच्यानंतरच्या हुकूमशहापेक्षा निःसंशय बरे होते. राजधानीतल्या पुष्कळांसाठी त्यांचा काळही बरा होता. पण देशातल्या बहुसंख्यांसाठी, म्हणजे कुळासाठी, एरिट्रियासाठी, वोल्लोतल्या बाईसाठी, तो बरा नव्हता. आणि आज जो तरुण राजाची आठवण काढतो, त्याला खरं पाहता राजा नको आहे. रात्री दार ठोठावलं जाणार नाही अशी झोप त्याला हवी आहे. ती मागणी रास्त आहे. फक्त ती तो चुकीच्या पत्त्यावर पाठवतो आहे, कारण भूतकाळाकडून उत्तर येत नसतं.

हे मी केवळ इथिओपियासाठी सांगत नाही. 'यापेक्षा संस्थानिक बरे होते', 'इंग्रज बरे होते' ही वाक्यं आपल्याही ओसरीवर ऐकू येतात. ती ऐकली की रागावू नका, हसूही नका. बोलणाऱ्याला आज काय टोचतंय ते विचारा. आणि मग त्याला आणि स्वतःलाही एक साधा प्रश्न विचारा : माझ्या गावात पाऊस पडला नाही, आणि सरकारला ते ऐकायचं नसलं, तर मी कुठे जाऊ शकतो? कोर्ट आहे का, वर्तमानपत्र आहे का, विरोधात बसलेला आमदार आहे का, यादीत माझं नाव आहे का? या प्रश्नाचं उत्तर जितकं लांबलचक देता येईल, तितकं ते राज्य बरं. मग त्याच्या डोक्यावर मुकुट असो की नसो.

इथेच थांबतो.